सुई टोचली, आग कमी झाली. पण नसेचं काय?

मावशीच्या पायांची आग रात्री अकरानंतर सुरू होते. दिवसभर घर, अंगण, बाजार असं तिचं चालू असतं, तेव्हा आपल्याला पाय आहेत हे तिच्या लक्षातही नसतं. अंथरुणाला पाठ टेकली की मात्र तळवे तव्यावर ठेवल्यासारखे भाजायला लागतात. मग उठून गार फरशीवर पाय टेकून बसायचं. पांघरूण घ्यायचं ते गुडघ्यापर्यंतच, कारण चादर नुसती घासली तरी टोचते. साखर होऊन तिला चौदा वर्षं झाली. भिशीतल्या एका बाईंनी अ‍ॅक्युपंक्चरचं नाव काढलं आणि मावशीचा मला फोन आला. "त्या चिनी सुयांनी नस मोकळी होते म्हणतात. खरं का रे?"

मी डॉक्टर नाही. विज्ञानावरचं वाचण्या-लिहिण्यात बरीच वर्षं गेली एवढंच, पण घरातले असले प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. तेव्हा मी तिला म्हटलं होतं, तुझा प्रश्न एक नाही, दोन आहेत. सुयांनी दुखणं कमी होतं का, हा एक. आणि सुयांनी बिघडलेली नस सुधारते का, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. जाहिराती ती एकत्र करतात, आणि "सगळं थोतांड आहे" म्हणणारेही तेच करतात.

आधी त्या 'नस' शब्दाचं बघू. मराठीत आपण नस म्हणतो, शीर म्हणतो, आणि त्यात रक्तवाहिनीही येते, स्नायूला सांधणारी दोरीही येते आणि चेतातंतूही येतो. मानेची शीर आखडली म्हणतो तेव्हा आखडलेला असतो स्नायू. नर्स हाताची शीर शोधते तेव्हा ती शोधते रक्तवाहिनी. आणि 'नस दबली' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा म्हणायचं असतं चेतातंतूबद्दल. या गोंधळामुळे 'नस मोकळी करणे' ही कल्पना आपल्याला सहज पटते: तुंबलेली मोरी, सळई घातली, पाणी वाहू लागलं. चेतातंतू ही नळी नाहीच. ती तार आहे, वरून वेष्टण असलेली, आत हजारो बारीक धागे असलेली. तिच्यातून काही तुंबत नाही, त्यामुळे काही मोकळंही होत नाही. बिघडतं ते तिचं वेष्टण, नाहीतर आतला धागा.

घराच्या वायरिंगची उपमा इथे बऱ्यापैकी लागू पडते. चूल पेटली म्हणून धुराची घंटा वाजली तर ती साधी वेदना: बोट भाजलं, गुडघा झिजला, दात किडला. आग आहे, घंटा बरोबर वाजते आहे. चेतातंतूची वेदना म्हणजे चूल थंड आहे, घरात धूर नाही, पण घंटेची वायरच खराब झाल्यामुळे ती रात्री-अपरात्री आपोआप वाजते. म्हणूनच साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. त्या चुलीवर पाणी मारतात, आणि चूल तर पेटलेलीच नाही.

मजा अशी की हा फरक आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे. सांधा ठणकतो, पोटात कळ येते, जखम ठसठसते. चेतातंतूच्या दुखण्यासाठी मात्र माणसं वेगळेच शब्द वापरतात: आग होते, मुंग्या येतात, चुरचुरतं, चमक निघते, करंट बसल्यासारखं होतं, पाय बधिर पडलाय, गादीवर चालल्यासारखं वाटतं. डॉक्टरांकडे 'डीएन-फोर' नावाची एक छोटी प्रश्नावली असते. त्यात दहा मुद्दे: जळजळ होते का, बोचरा गारवा वाटतो का, विजेसारखे झटके येतात का, मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज आहे का, आणि तपासताना स्पर्श कमी कळतो का, ब्रशने हलकं घासलं तरी दुखतं का. दहापैकी चार किंवा जास्त 'हो' आले तर वेदना चेतातंतूची असण्याची शक्यता मोठी. मावशीला मी फोनवर विचारले तेवढ्यांतच पाच निघाले.

पण हे निदानाचं अर्धंच काम. चेतातंतूची वेदना हे आजाराचं नाव नव्हे, ते तक्रारीचं नाव आहे. मावशीला ती मधुमेहामुळे. वाढलेली साखर वर्षानुवर्षं बारीक तंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्यांना बिघडवत राहते. शरीरातले सगळ्यात लांब तंतू कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जातात, म्हणून आधी पाय जातात, मोजा घातल्याच्या आकारात, आणि बरंच नंतर हाताची बोटं. शेजारच्या काकांना तीच आग दुसऱ्या कारणाने असेल: मधुमेहासाठी अनेक वर्षं मेटफॉर्मिन घेतलं की शरीरात बी-१२ कमी पडू शकतं, माणूस शाकाहारी असेल तर आणखीच. कुणाला कमरेतली गादी सरकून सायटिका. कुणाला नागीण येऊन गेल्यावर फोड सुकतात पण बरगडीवर महिनोन्महिने आग राहते. कुणाला केमोथेरपीनंतर. कुणाला मनगटातला तंतू दबून रात्री हाताला मुंग्या, म्हणजे कार्पल टनेल. आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असं एक कारण म्हणजे कुष्ठरोग. त्याचे जंतू चेतातंतूंवरच बसतात. अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल, कोपराजवळची शीर जाड लागत असेल, तर सुयांच्या आधी सरकारी आरोग्य केंद्र. तिथे बहुविध औषधोपचार मोफत मिळतो, आणि उशीर झाला तर बोटं वाकडी होतात ती मग परत सरळ होत नाहीत.

आता सायटिकाबद्दल एक आडवळण, कारण सुया टोचून घ्यायला येणाऱ्यांत ही मंडळी पुष्कळ. आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे, "मणक्यात गॅप आहे." खरं म्हणजे उलट असतं. दोन मणक्यांमधली गादी झिजते, तेव्हा तिथलं अंतर वाढत नाही, कमी होतं. गॅप असायला हवी ती गेलेली असते. पण हा शब्द इतका रुळलाय की रिपोर्ट हातात घेऊन समजावणारे डॉक्टरही शेवटी 'गॅप'च म्हणतात. आयुर्वेदात या दुखण्याचं नाव गृध्रसी, गिधाडासारखं लंगडत चालायला लावणारी. नाव ठेवणाऱ्याने रुग्णाला चालताना नीट पाहिलं होतं. सायटिकाची चांगली बातमी ही की बहुतेकांची ती काही आठवड्यांत ते महिन्यांत आपोआप उतरते. सरकलेल्या गादीचा तुकडा शरीर बऱ्याचदा स्वतःच शोषून घेतं. ही चांगली बातमी उपचार तपासणाऱ्यासाठी मात्र डोकेदुखी. माणूस उपचाराला जातो तो दुखणं अगदी टोकाला गेल्यावर. टोकाला गेलेलं दुखणं तसंही उतरणारच असतं. तेवढ्यात सुया टोचल्या, की श्रेय सुयांना.

सुई म्हणजे नेमकं काय

ज्यांनी अ‍ॅक्युपंक्चर पाहिलेलं नाही त्यांना इंजेक्शनची सुई आठवते. ही ती नव्हे. इंजेक्शनची सुई पोकळ असते आणि तिचं टोक चाकूसारखं तिरकं कापलेलं असतं. ही भरीव असते, साधारण पाव मिलिमीटर जाड, म्हणजे रक्त काढायच्या सुईच्या निम्म्याहूनही बारीक. टोचताना चिमटा बसल्यासारखं वाटतं किंवा काहीच वाटत नाही. आत गेल्यावर ती बोटांत धरून हलकी फिरवतात, आणि मग एक वेगळीच जाणीव होते: जडपणा, बधिर दाब, आतून पसरत जाणारी कळ. चिनी वैद्य तिला 'द-छी' म्हणतात आणि ती आली तरच सुई नीट लागली असं मानतात. वीस-तीस मिनिटं सुया तशाच राहतात. काही ठिकाणी सुयांना चिमटे लावून बारीक विद्युतप्रवाह सोडतात. अ‍ॅक्युप्रेशर ही वेगळी गोष्ट: तिथे सुई नाही, अंगठ्याचा दाब असतो. टोचऱ्या रबरी चपलांचा तर दोन्हींशी दूरचाच संबंध.

मूळ सिद्धान्त दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथांतला. शरीरात 'छी' नावाची शक्ती ठरलेल्या मार्गांनी वाहते, ती अडली की दुखणं. या मार्गांवर सुया टोचायचे, जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाण म्हणून मानलेले बिंदू आहेत ३६१. आजवर कुणाही शरीरशास्त्रज्ञाला ते मार्ग शवविच्छेदनात सापडलेले नाहीत. तरी माझं मत असं की सिद्धान्त चूक निघाला म्हणून कृतीही निरुपयोगी ठरते असं नाही. मलेरिया खराब हवेने होतो असं मानणारे लोकही सिंकोनाची साल देत होते, आणि ताप उतरत होता. टोचल्याने शरीरात काय घडतं, हे वेगळं तपासायला लागतं.

ते तपासलं गेलं आहे, आणि हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो.

लागलं की आपण ती जागा चोळतो. का? स्पर्शाची खबर जाड, वेगवान तंतूंमधून जाते आणि आगीची, ठणक्याची खबर बारीक, संथ तंतूंमधून. सगळ्यात संथ तंतूत वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर, माणसाच्या चालण्याएवढा. दोन्ही खबरा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एकाच फाटकाशी येतात. चोळल्याची खबर आधी पोचते आणि फाटक थोडं लोटून घेते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली ही कल्पना मांडली. तिचे तपशील पुढे बदलले, गाभा टिकला. सुईने स्नायूत होणारी जाणीवही या फाटकावर काम करत असावी.

दुसरी गोष्ट शरीराच्या स्वतःच्या अफूची. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना मेंदूतच तयार होणारे अफूसारखे रेणू सापडले. दोनच वर्षांत कुणीतरी सरळ प्रश्न विचारला: अफूचा असर उतरवणारं नॅलोक्सोन दिलं तर अ‍ॅक्युपंक्चरचा असरही उतरतो का? काही प्रयोगांत तो उतरला. पुढे बीजिंगच्या हान चीशंग यांनी दाखवलं की सुयांतून सेकंदाला दोन ठोक्यांचा प्रवाह दिला तर एका जातीचे रेणू बाहेर पडतात, शंभर ठोक्यांचा दिला तर दुसऱ्या. 'छी'च्या जुन्या नकाशाला असं मोजमाप कधीच करता आलं नव्हतं.

तिसरी गोष्ट जिथे सुई टोचली तिथली. २०१० मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या गुडघ्याखालच्या एका प्रसिद्ध बिंदूवर सुई फिरवली. त्या बिंदूचं चिनी नाव 'त्सू-सान-ली'. सुईभोवती अ‍ॅडिनोसिन नावाचं वेदना दाबणारं रसायन साधारण चोवीस पट वाढलेलं दिसलं. सुई नुसती टोचून ठेवली, फिरवली नाही, तर फायदा होत नव्हता. उंदीर श्रद्धाळू नसतात, म्हणून असे प्रयोग मोलाचे. पण उंदराच्या पंजातली वेदना म्हणजे मावशीची चौदा वर्षांच्या साखरेची आग नव्हे, हेही तितकंच खरं.

मग माणसांत काय दिसलं?

इथे अडचण सुरू होते ती खोट्या उपचाराची. गोळी तपासायची तर साखरेची तशीच दिसणारी गोळी करता येते. सुई तपासायला लटकी सुई कुठून आणायची? टोचलं की नाही हे माणसाला कळतंच. १९९८ मध्ये जर्मनीतल्या श्ट्राइटबेर्गर यांनी एक युक्ती काढली: नाटकातल्या खंजिरासारखी सुई. टोक बोथट, त्वचेला टेकलं की दांडा मुठीत सरकतो; बघणाऱ्याला वाटतं आत गेली. तोवर आणि त्यानंतरही दुसरी पद्धत चालते, ती म्हणजे खरी सुई पण चुकीच्या जागी, वरवर टोचायची.

याच पद्धतीचा जर्मनीतला एक मोठा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण, तीन गट. एकाला ठरलेल्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला बिंदू सोडून कुठेतरी वरवर सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार: गोळ्या, व्यायाम, शेक. सहा महिन्यांनी फरक पडलेले रुग्ण पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के, तिसऱ्यात २७.४ टक्के.

हे तीन आकडे घेऊन दोन माणसं आयुष्यभर भांडू शकतात. एक म्हणेल, बघा, सुया गोळ्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट सरस. दुसरा म्हणेल, बघा, बिंदूंना काही अर्थ नाही, कुठेही टोचा, निकाल तोच. दोघंही बरोबर आहेत. आडवं पडून राहणं, कुणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष देणं, टोचून घेतल्याची अपेक्षा, आणि कुठल्याही टोचणीने हलणारं ते मज्जारज्जूतलं फाटक, या सगळ्यांचा मिळून तो असर आहे. पुढे वीस हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये केलेल्या विश्लेषणातही हेच चित्र आलं: लटक्या सुईपेक्षा खरी सुई थोडी सरस, सुई अजिबात न घेण्यापेक्षा बरीच सरस. मात्र ही सगळी दुखणी पाठ, मान, गुडघा, खांदा, डोकं यांची. वायर बिघडल्याची नव्हेत.

वायर बिघडल्याच्या दुखण्यांबद्दल, उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०१७ मध्ये जगभरचे प्रयोग गोळा केले. त्यांच्या कसोटीला उतरले अवघे सहा, त्यातले रुग्ण मिळून ४६२, आणि प्रयोगांचा दर्जाही हलका. निष्कर्ष: उपयोग होतो असं म्हणायला पुरावा नाही, होत नाही असं म्हणायलाही नाही. मावशीच्या प्रश्नाला आजचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर जवळपास हेच.

मग औषधं तरी काय दिवे लावतात? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. प्रीगॅबॅलिन साधारण सात-आठ जणांना द्यावं तेव्हा त्यातल्या एकाची वेदना औषधामुळे निम्म्याने उतरते. ड्युलोक्सेटिनचं प्रमाण सहा-सात जणांत एक, अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या जातीच्या गोळ्यांचं तीन-चारांत एक, पण तिथे तोंडाला कोरड, झापड, म्हाताऱ्या माणसाला तोल जायची भीती. म्हणजे सुयांशी तुलना करायची ती या तोकड्या औषधांशी, रामबाणाशी नव्हे. अपवाद एक: चेहऱ्यात वीज चमकावी तसं दुखणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियाला कार्बामाझेपिन अनेकांत झपाट्याने लागू पडतं. तिथे आधी सुयांच्या मागे लागणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

सायटिकावर अलीकडे एक बरा प्रयोग झाला. चीनमधल्या सहा रुग्णालयांतले, गादी सरकल्यामुळे जुनाट सायटिका झालेले २२० रुग्ण. चार आठवड्यांत दहा वेळा खऱ्या किंवा लटक्या सुया. पायाची वेदना शंभर गुणांच्या पट्टीवर खऱ्या गटात सुमारे ३१ गुणांनी उतरली, लटक्या गटात १५ ने. फरक वर्षभर टिकला. निकाल २०२४ मध्ये आला. चांगली बातमी आहे, पण प्रयोग एकच आहे. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या हातांनी तो पुन्हा केला पाहिजे. दरम्यान अधिकृत सल्ल्यांची गंमत बघा: इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं, कंबरदुखीला सायटिका असो-नसो, अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने कंबरदुखीला ते सुचवलं, आणि २०२० पासून तिथला सरकारी आरोग्य विमा जुनाट कंबरदुखीसाठी त्याचे पैसेही देतो. कागद तेच, चष्मे वेगळे. एक जण विचारतो लटक्या सुईपेक्षा किती सरस. दुसरा विचारतो, रुग्णाला बरं वाटलं का आणि धोका किती.

आता दुसरा प्रश्न, नस सुधारते का. यावर मला माहीत असलेला सगळ्यात विचार करायला लावणारा प्रयोग कार्पल टनेलचा, बॉस्टनमधला, २०१७ चा. रुग्ण ८०. एका गटाला दुखऱ्या मनगटावर विद्युतप्रवाहाच्या सुया, दुसऱ्याला विरुद्ध बाजूच्या घोट्यावर, तिसऱ्याला लटक्या. आठ आठवड्यांत सोळा वेळा. मुंग्या, दुखणं कमी झाल्याचं तिन्ही गटांनी सारखंच सांगितलं. लटक्या सुईवाल्यांनीही! पण एनसीव्ही चाचणीत, म्हणजे तंतूतून खबर किती वेगाने जाते ते मोजलं तेव्हा, सुधारणा फक्त खऱ्या सुयांच्या दोन गटांत दिसली. शिवाय मेंदूत शेजारच्या दोन बोटांचे नकाशे या आजारात एकमेकांत मिसळतात, ते खऱ्या सुया घेतलेल्यांत थोडे पुन्हा वेगळे झालेले स्कॅनमध्ये दिसले.

म्हणजे 'बरं वाटलं का' एवढंच विचारलं असतं तर निकाल शून्य आला असता, आणि तंतूला विचारलं तर वेगळंच उत्तर आलं. यावरून "सुयांनी नस दुरुस्त होते" असा बोर्ड लावायला मी तरी धजणार नाही. मनगटात दबलेला तंतू वेगळा आणि साखरेने वर्षानुवर्षं पोखरलेला वेगळा. पण माझ्या मनातली ती स्वच्छ विभागणी, सुई फक्त भावना बदलते आणि तंतू जिथल्या तिथे राहतो, ती या प्रयोगाने हलवली हे कबूल करतो.

जाहिरातीतल्या "पाच सिटिंगमध्ये नस मोकळी"बद्दल मात्र साधा हिशेब पुरतो. तुटलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंतचं अंतर अर्धा मीटर धरलं तर पाचशे दिवस. तेही सगळं सुरळीत झालं तर.

आपल्याकडे हे आलं कुठून

मराठी माणसाला अ‍ॅक्युपंक्चर म्हटलं की पुष्कळदा कोटणीसांचं नाव आठवतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तिथेच राहिले आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. पण ते होते शल्यचिकित्सक. त्यांनी सुया भारतात आणल्या नाहीत. त्या आणल्या याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसू यांनी, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस, कोलकात्यात. लुधियान्यात कोटणीसांच्या नावाचं अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय आहे, त्यामुळे नाव आणि सुई यांची गाठ पक्की बसली. महाराष्ट्राने या उपचारपद्धतीसाठी २०१५ चा अधिनियम केला आणि त्याखाली परिषदही आहे, तेव्हा टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारणं हा उद्धटपणा नव्हे.

धोके किती? जर्मनीत सुमारे दोन लाख २९ हजार रुग्णांची नोंद ठेवली गेली. काही ना काही त्रास झाला ८.६ टक्क्यांना, बहुतेक किरकोळ: रक्ताचा थेंब, काळानिळा डाग, चक्कर. फुप्फुसाला भोक पडून हवा भरण्याचे प्रकार दोन. एकूण सुरक्षित, जर सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या आणि तुमच्यासमोर पाकिटातून काढलेल्या असतील तर. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावं. छातीत पेसमेकर असेल तर विद्युतप्रवाहाच्या सुया नकोत.

मधुमेहाच्या पायाचा धोका मात्र निराळा आणि तो या आकडेवारीत नीट दिसत नाही. बधिर पायाला चटका कळत नाही. सुयांसोबत पुष्कळ ठिकाणी 'मोक्सा' म्हणजे औषधी पाल्याची कांडी पेटवून शेक देतात, किंवा लाल दिवा लावतात. डोळ्यांनी दिसेपर्यंत फोड आलेला असतो, आणि मधुमेहातला तळपायाचा फोड कधी कधी बोट घेऊन जातो. मावशीला मी एवढं मात्र बजावून सांगितलं: सुया टोचून घे हवं तर, शेक नको. जिथे जखम, भेग किंवा सूज आहे तिथे सुईही नको. प्रीगॅबॅलिन मनाने एकदम बंद करायचं नाही. आणि मधुमेहाची गोळी सुयांच्या भरवशावर बंद करायची तर नाहीच.

काही वेळा सुयांचा विचारच बाजूला ठेवून गाडी काढायची असते. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांमधली बसायची जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलता येईना, चप्पल आपोआप निसटू लागली, तर तासांचा प्रश्न असतो. नागिणीचे फोड दिसले की विषाणूवरचं औषध पहिल्या ७२ तासांत सुरू व्हावं. मागाहून राहणाऱ्या आगीवर सुया टोचण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

मावशीने शेवटी सुया घेतल्या. आठ वेळा. मी तिला एक वही दिली होती, रोज रात्री आगीला शून्य ते दहापैकी गुण लिहायला, सुया सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून. आधी सात-आठ असायचे, नंतर पाच, कधी चार. ती समाधानी आहे. सलग पाच तास झोपते. यातलं सुयांचं किती, त्याच महिन्यात डॉक्टरांनी बदललेल्या गोळीचं किती, आणि वही भरण्याचं किती, हे मला एका माणसावरून सांगता येणार नाही.

परवा तिच्याबरोबर मधुमेहाच्या तपासणीला गेलो. तिथल्या मुलीने नायलॉनचा एक ताठ धागा काढला. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. मावशीला डोळे मिटायला सांगून ती तळव्यावर एकेका जागी तो टेकवत गेली. "कळलं की सांगा काकू." टाचेला कळलं. मधोमध कळलं. अंगठ्याखाली धागा वाकला, पुन्हा टेकवला, पुन्हा वाकला. मावशी डोळे मिटून वाट बघत होती. गेल्या वर्षीच्या कागदावरही त्या जागी फुलीच होती.

तेव्हापासून ती चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा आहे का ते बघते.